रक्ताचा हिशेब कोणाच्या वहीत?

(बारवी धरण परिसरातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



या धरणाचे पाणी अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांना आणि वस्त्यांना जाते. जमिनी मात्र गेल्या मुरबाड तालुक्यातील गावकऱ्यांच्या. शहरातील माणसाने नळाचे पाणी स्वतः तपासून घ्यावे, असे कोणी म्हणत नाही. ती जबाबदारी सार्वजनिक यंत्रणेची मानली जाते. हाच न्याय रक्ताला लागू आहे काय?

सिकलसेल हा आनुवंशिक रोग विदर्भ-नंदुरबारप्रमाणे ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांतही आढळतो. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन लवकर नष्ट होतात. अनेक रुग्णांना वारंवार रक्त घ्यावे लागते, आणि प्रत्येक पिशवीबरोबर संसर्गाची शक्यता वाढते.

विकत घेतलेले रक्त दानाच्या रक्तापेक्षा अधिक धोक्याचे असते, हे रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजवादी विचारवंताने १९७० साली मांडले. गरजेपोटी रक्त विकणारा आपला आजार लपवतो, हे त्याचे कारण. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ पासून रक्तविक्रीवर बंदी आली. बाजार गेला, पण धोका उरला. २०२२ साली नागपुरात थॅलेसेमियाच्या चार मुलांना एच.आय.व्ही.ची लागण झाल्याचे उघडकीस आले. दात्याला नुकतीच लागण झालेली असेल, तर नेहमीच्या चाचणीत ती दिसत नाही. न्यूक्लिइक ॲसिड चाचणी विषाणू पुष्कळ लवकर शोधते. परंतु महाग म्हणून ती सर्वत्र होत नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी विचारतो : महाग कोणाला? चाचणीचा खर्च रक्तपेढीच्या वहीत दिसतो. संसर्गाचा खर्च पाड्यावरच्या कुटुंबाच्या माथी बसतो आणि कोणत्याच वहीत चढत नाही.

लसींचेही तेच. कावीळ 'ब'ची लस २०११ पासून, तर न्यूमोकोकसची २०२१ पासून देशभरच्या बाललसीकरणात आली. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होते, म्हणून न्यूमोकोकससारख्या जंतूंपुढे हे रुग्ण विशेष दुबळे ठरतात. त्याआधी जन्मलेल्यांचे काय? एच.आय.व्ही. आणि कावीळ 'क' यांवर तर लसच नाही. तेथे निर्दोष रक्त हेच संरक्षण.

जुलै २०२३ मध्ये केंद्राने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तपासणी करून हाती कार्ड देणे ही केवळ सुरुवात होय. प्रत्येक रुग्णाला, वय न पाहता, दोन्ही लसी मोफत मिळाव्यात. त्याला दिली जाणारी प्रत्येक पिशवी अद्ययावत चाचणीतून गेलेली असावी. आणि आपल्या शाखांनी नियमित ऐच्छिक रक्तदात्यांची यादी उभी करावी. पहिल्या दोन गोष्टी शासनाकडून मिळवायच्या आहेत. तिसरी उद्यापासून आपल्या हातात आहे.