उमेदवार कोण ठरवतो?

(किन्हवली येथे तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर चार वर्षांनी अमेरिकेची निवडणूक आपल्या घरात शिरते. टीव्हीवर लाल-निळा नकाशा, दोन चेहरे, आणि बातमीदार सांगतो की ही जगातली थोर लोकशाही. मी ती लोकशाही व्हाइट हाऊसच्या खिडकीतून दाखवणार नाही. तिथल्या शेतमजुराच्या झोपडीतून दाखवणार आहे. आपल्याला तिथूनच बघायची सवय आहे.

आधी सांगाडा बघू. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाशी तिचं नातं नाही. तिची दोन सभागृहं. प्रतिनिधिगृहात 435 सभासद, लोकवस्तीच्या प्रमाणात, मुदत दोन वर्षं. सिनेटमध्ये 100, राज्य केवढंही असो, दोन-दोन. म्हणजे चार कोटींच्या आसपास वस्तीच्या कॅलिफोर्नियाला दोन आणि सहा लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगलाही दोनच. राष्ट्राध्यक्ष वेगळा निवडतात, पण थेट नाही. 538 निर्वाचक असतात. 270 ज्याच्या पदरात पडले तो जिंकला. बहुतेक राज्यांत जो पुढे असेल तो राज्याचे सगळेच निर्वाचक उचलतो. म्हणून 2016 साली हिलरी क्लिंटन यांना 28 लाखांवर जास्त मतं पडली आणि अध्यक्ष झाले डोनाल्ड ट्रम्प.

पण या सगळ्याच्या आधी एक दरवाजा आहे. त्याचं नाव प्रायमरी. पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवण्यासाठी होणारी आधीची निवडणूक. नोव्हेंबरात मतपत्रिकेवर जी नावं येतात, ती तिथे कुणी आणली? मित्रहो, खरी मेख इथे आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत कित्येक वर्षं डेमोक्रॅटिक पक्षच निवडून यायचा. ज्याने त्या पक्षाची प्रायमरी जिंकली, तो आमदार, तो सिनेटर, तो गव्हर्नर. टेक्सास राज्याने 1923 साली कायदाच केला की या पक्षाच्या प्रायमरीत काळ्या माणसाने मत द्यायचं नाही. नोव्हेंबरात ये, खुशाल मत दे! पंगत उठल्यावर पान मांडण्यातला हा प्रकार. ही गोऱ्यांची प्रायमरी सुप्रीम कोर्टाने मोडली 1944 साली. तरी मतदानाचा कर राहिला, वाचता येतं का म्हणून घेतलेली परीक्षा राहिली आणि मळेवाल्याचा धाक राहिला.

आता एका बाईची गोष्ट ऐका. फॅनी लू हेमर. मिसिसिपी राज्य, सनफ्लॉवर काउंटी. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा. वीस भावंडांतली ही शेवटची. सहाव्या वर्षापासून कापूस वेचत होती, पुढे दुसऱ्याच्या मळ्यावर राबली. 31 ऑगस्ट 1962 ला ती मतदार यादीत नाव घालायला गेली. तिला राज्यघटनेतलं कलम लिहायला लावलं, त्याचा अर्थ विचारला. नापास केलं. त्याच रात्री मळेवाल्याने तिला अठरा वर्षांच्या कामावरून आणि राहत्या घरातून बाहेर काढलं. 1963 च्या जूनमध्ये पोलिसांनी तिला तुरुंगात काळ्या कैद्यांकडूनच मारवलं. आपला हात आपल्याच माणसावर उचलायला लावायचा, हा डाव आपल्यालाही नवा नाही.

त्याच सनफ्लॉवर काउंटीत जेम्स ईस्टलंड नावाच्या सिनेटरचा मोठा कापसाचा मळा. सिनेटमध्ये समितीचं अध्यक्षपद ज्येष्ठतेने मिळायचं. काळ्यांना मतच नाही, मग गोऱ्यांच्या मतांवर हा पुन्हापुन्हा निवडून येणार, ज्येष्ठ होणार. 1956 पासून तो न्याय समितीचा अध्यक्ष. म्हणजे काळ्यांच्या हक्काची विधेयकं जायची कुणापुढे? ज्याचा मळा त्यांच्या घामावर चालतो त्याच्यापुढे. गावचा पाटील आणि तालुक्याचा मामलेदार एकच!

1964 साली डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन अटलांटिक सिटीत भरलं. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार तिथे ठरायचा होता. मिसिसिपीचे प्रतिनिधी सगळे गोरे. काळ्यांनी स्वतःचा फ्रीडम डेमोक्रॅटिक पक्ष काढला आणि ते दारात उभे राहिले. म्हणाले, खरे प्रतिनिधी आम्ही. 22 ऑगस्टला हेमरबाई समितीपुढे, टीव्हीच्या कॅमेऱ्यांपुढे साक्ष द्यायला बसली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन घाबरला. कशाला? एका कापूस वेचणाऱ्या बाईच्या तोंडाला! त्याने ऐन वेळी स्वतः पत्रकारांपुढे बोलायला सुरुवात केली आणि कॅमेरे तिच्यावरून त्याच्याकडे वळले. पण संध्याकाळी टीव्हीवाल्यांनी तिची साक्ष दाखवली आणि देशाने ऐकली.

मग तडजोड आली. दोन जागा घ्या. आणि त्या दोघांची नावं? तीही पुढाऱ्यांनीच ठरवली. त्यात हेमर नव्हती. तिच्या लोकांनी त्या दोन जागा नाकारल्या. पुढच्या वर्षी मताधिकाराचा कायदा झाला. त्याआधी मिसिसिपीत शंभर काळ्यांत सात जणांचीही नोंदणी नव्हती, दोन वर्षांत ती साठाच्या आसपास गेली. आणि 2013 साली सुप्रीम कोर्टाने याच कायद्याचा एक मोठा दात काढून टाकला. वंशभेदाचा इतिहास असलेल्या राज्यांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी लागायची, ती अट गेली. मिळालेला हक्क राखावा लागतो, तो असा.

बाबासाहेब कोलंबियात शिकत होते तेव्हा तिथली काळ्यांची स्थिती त्यांच्या डोळ्यांपुढे होती. 1946 साली त्यांनी दु बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. का मागवल्या? कारण दुखणं एकच होतं.

उमेदवार कोण ठरवतो, हाच पुण्याचा प्रश्न होता. 1932 साली आपल्याला स्वतंत्र मतदारसंघ मिळत होते. म्हणजे आपला माणूस आपणच निवडायचा. पुणे करारात जागा 71 च्या 148 झाल्या, पण शेवटचं मत सगळ्यांचं झालं. फक्त एक खिडकी उघडी ठेवली: आधी अस्पृश्य मतदारांनी चार जणांचं पॅनेल निवडायचं, मग त्यातला एक सर्वांनी. बघा, ही आपली प्रायमरी! तिची मुदत दहा वर्षांची. ती गेली आणि 1952 च्या निवडणुकीत मुंबईत बाबासाहेब हरले, काँग्रेसचे काजरोळकर निवडून आले. 1954 साली भंडाऱ्यातही बाबासाहेब हरले. ज्याने घटना लिहिली त्याला या पद्धतीत जागा मिळाली नाही.

आता इकडे या. आपला शहापूर मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. आमदार आदिवासीच होणार, हे ठरलेलं. पण कोणता आदिवासी? ते पक्षाचा पुढारी मुंबईत बसून ठरवतो. कुठल्या पाड्यावर त्यासाठी मतपेटी आली होती? तानसा आपल्या तालुक्यात, भातसा आपल्या तालुक्यात. पाणी नळाने मुंबईला आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकर. मताचंही तसंच. धरण आपलं, नळ दुसऱ्याचा. तिकीट ज्याने दिलं त्याच्यापुढे आमदार मान तुकवणार, की मत दिलं त्याच्यापुढे?

बातमीचाही नळ असतो. अमेरिकेत निकाल जाहीर करणारा एकच निवडणूक आयोग नाही. निवडणुकीच्या रात्री कोण जिंकलं ते वृत्तसंस्था आणि वाहिन्या सांगतात. 2020 च्या निवडणुकीत यंत्रांनी मतं चोरली असा खोटा प्रचार फॉक्स वाहिनीवरून झाला. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने खटला भरला आणि 2023 साली वाहिनीने 78 कोटी डॉलरहून जास्त मोजले. कंपनीला भरपाई मिळाली. ज्यांच्या मतांना चोरीची मतं म्हटलं, त्यांना काय मिळालं? म्हणून तिथल्या काळ्यांनी 1827 सालीच स्वतःचं वर्तमानपत्र काढलं आणि बाबासाहेबांनी 1920 साली 'मूकनायक'. दुसऱ्याच्या कॅमेऱ्याची वाट बघत बसायचं नसतं.

शेवटचं. 4 नोव्हेंबर 1948 ला बाबासाहेबांनी घटना समितीत अमेरिकेची पद्धत आणि आपली पद्धत तोलून दाखवली. तिकडे स्थैर्य जास्त, इकडे जबाबदारी जास्त, कारण इकडे सरकारला रोज जाब विचारता येतो. त्यांनी जबाबदारी निवडली. पण विचारणारा पाहिजे ना! आणि मतदानाच्या दिवशी विचारून उपयोग नाही. तिकीट वाटायच्या आधी विचारा. महारवाड्यात, कातकरीवाडीत, ठाकूरपाड्यात बसा, चार नावं आपणच काढा आणि प्रत्येक पक्षाच्या तोंडावर फेका: यातला देता का? नसेल देत तर मत मागायला येऊ नका.

दोन जागांच्या तुकड्यावर हेमरबाई उठली नाही. आपण का उठायचं?

जयभीम.