देवगिरीचें एक पाठ्यपुस्तक

क्रांती चौकांतून दौलताबादेची वाट धरली, म्हणजे सुमारें १५ किलोमीटरांवर देवगिरीचा दुर्ग दृष्टीस पडतो. प्रवासी तेथें तट, खंदक आणि तोफा पाहून परततो. परंतु श्रोतेहो, येथून राज्य करणाऱ्या यादवांच्या काळांत, त्यांच्या मंत्र्याच्या आश्रयास असलेल्या एका पंडितानें मुलांसाठीं संस्कृत व्याकरणाचें एक पुस्तक रचलें, याची आठवण फार थोड्यांस असते. पंडिताचें नांव बोपदेव. ग्रंथाचें नांव मुग्धबोध.

बोपदेव हा केशव नांवाच्या वैद्याचा पुत्र. त्याचा आश्रयदाता हेमाद्रि, म्हणजेच लोकांच्या तोंडीं असलेला हेमाडपंत. पाणिनीचीं सूत्रें सुमारें ४०००; एक रूप सिद्ध करावयाचें, तर निरनिराळ्या अध्यायांतील नियम एकत्र आणावे लागतात. विद्वानास त्यांत आनंद वाटतो, परंतु नवशिक्या मुलाची तेथें दमछाक होते. ही अडचण ओळखून बोपदेवानें संधि, नामरूपें, समास, क्रियापदें अशी विषयवार मांडणी केली. वेदांतील विशेष रूपांचा विस्तार टाळला. संज्ञाही आंखूड केल्या: ‘धातु’चें ‘धु’, ‘वृद्धि’चें ‘व्रि’. उदाहरणांत हरि-हरांचीं नांवें घातलीं, म्हणजे पाठांतराबरोबर नामस्मरणही घडावें.

हीच गरज युरोपांतही भासली होती. चौथ्या शतकांत रोममध्यें डोनाटस नांवाचा शिक्षक होऊन गेला. संत जेरोम हा त्याचा शिष्य. शब्दांच्या आठ जाती प्रश्नोत्तररूपानें शिकविणारें त्याचें लहानसें पुस्तक मध्ययुगांत इतकें रुळलें कीं, ‘डोनाट’ म्हणजे प्राथमिक पुस्तक असाच अर्थ होऊन बसला. पुढें इ. स. ५०० च्या सुमारास प्रिस्कियननें कॉन्स्टँटिनोपल येथें १८ भागांचें मोठें व्याकरण लिहिलें. ज्यांची मातृभाषा लॅटिन नव्हती, अशा उत्तरेकडील मुलांना याच ग्रंथांच्या आधारें ती भाषा शिकावी लागली. ११९९ च्या सुमारास फ्रान्समधील अलेक्झांडर यानें तर सारें व्याकरण पद्यांत बांधलें. घोकणाऱ्या मुलांची सोय झाली. मात्र पुढील काळच्या पंडितांनीं त्याच ग्रंथाची थट्टा केली.

मुग्धबोधाच्या वांट्यासही हेंच आलें. भट्टोजी दीक्षितानें बोपदेवाच्या मतांचें खंडन केलें, आणि त्याच्या सिद्धान्तकौमुदीपुढें इतर प्रांतांत मुग्धबोध मागें पडला. बंगालनें मात्र तो सोडला नाहीं. १३१८ मध्यें यादवांचें राज्य लयास गेलें, तरी शेंकडों कोसांवरील बंगाली विद्यार्थी यादवकालीन पंडिताचीं सूत्रें पुढें कित्येक शतकें म्हणत राहिले.

त्यांतच ईश्वरचंद्र विद्यासागर होते. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजांत त्यांनीं मुग्धबोधाचें अध्ययन केलें. पुस्तक संस्कृतांत, आणि मुलास संस्कृत तर अद्याप यावयाचें! अर्थ कळण्यापूर्वींच सूत्रें पाठ करावयाचीं, असा तो प्रकार. म्हणून १८५१ मध्यें विद्यासागरांनीं ‘उपक्रमणिका’ हें संस्कृत व्याकरणाचें पुस्तक सरळ बंगालींत लिहिलें. मुग्ध म्हणजे अजाण. अजाणांसाठीं रचलेला ग्रंथच अजाणांस जड झाला होता.

यांत बोपदेवाचा दोष म्हणतां येणार नाहीं. त्याच्या काळीं शास्त्र संस्कृतांतच सांगावयाचें असे. तरी त्याच यादवांच्या राज्यांत, १२९० मध्यें, नेवासें येथें ज्ञानेश्वरांनीं गीतेचा अर्थ मराठींत सांगितला, हें विसरून चालत नाहीं. नियम थोडके करणें ही एक दया. ते मुलाच्या भाषेंत सांगणें ही दुसरी. पहिली बोपदेवानें केली. दुसरीसाठीं मुलांना फार काळ थांबावें लागलें.

आज जो पालक मुलांना घेऊन देवगिरी पाहावयास जाईल, त्यानें तोफांबरोबर या पुस्तकाचीही गोष्ट अवश्य सांगावी. आणि घरीं परतल्यावर, मुलाच्या व्याकरणाच्या वहींतील एखादा नियम त्याला समजला आहे कीं नुसता पाठ आहे, एवढें प्रेमानें विचारून पाहावें.