धर्मग्राम म्हणजे शेजार



महोत्सवाच्या या मंगलप्रसंगी आपण गेल्या वर्षांचा हिशेब मांडीत आहोत. मंदिराच्या भिंती, नोंदवहीतील बाप्तिस्मे व विवाह हे सारे त्या हिशेबात येते, आणि यावेच. परंतु एक प्रश्न कोणत्याही वहीत लिहिलेला नसतो : रविवारी मिस्साच्या वेळी आपल्या शेजारी गुडघे टेकणाऱ्याच्या घरी सोमवारी चूल पेटली की नाही, हे आपणांस ठाऊक असते काय?

'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात आद्य श्रद्धावंत घरोघरी भाकर मोडीत व मालमत्ता विकून गरजूंस वाटीत, असे वर्णन आहे. सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर उठली, तेव्हा त्या कामी सात जणांची योजना झाली. भुकेल्याचे ताट हाही त्या मंडळीस धर्माचाच विषय वाटला.

आपल्या महाराष्ट्रातही याचा दाखला आहे. वसईचे मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली तेथील कॅथॉलिकांची सहकारी पतसंस्था उभारली. तीच पुढे बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक झाली. मुंबई महाधर्मप्रांतात १९८० नंतरच्या दशकात बिशप बॉस्को पेन्हा यांच्या पुढाकाराने लहान ख्रिस्ती समूहांची चळवळ रुजली. शेजारची काही कुटुंबे एकत्र यावी, शुभवर्तमान वाचावे व परस्परांच्या अडीअडचणीस धावावे, एवढीच तिची साधी रीत.

कामठ्याच्या या धानाच्या मुलखास ही रीत परकी नाही. रोवणीच्या दिवसांत एकट्याच्या हातांनी काम उरकत नाही. तलावाचे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते. वरच्याने ते अडविले, तर खालच्याचा धान वाळतो. शेतात जे आपण जाणतो, ते मंदिराबाहेर पडताच का विसरावे?

कोणी म्हणेल, या जिल्ह्यात ख्रिस्ती घरे थोडी व विखुरलेली. खरे आहे; म्हणूनच एक घर तुटले, तर उणीव अधिक भासते. जवळीक वाढली की चहाडीही वाढते, हेही खरे. यास्तव ऐकलेले दुःख चावडीवर न नेण्याचा नेम प्रथम पाळावा. ही जवळीक कुंपणही होऊ नये. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या संकटात आपले दार उघडे असावे.

माझी विनंती अल्प आहे. पाच-सहा घरांनी आठवड्यातून एक सायंकाळ एकत्र बसावे. वाचन व प्रार्थना झाल्यावर तीन गोष्टी विचाराव्या : कोण आजारी आहे? कोणाच्या घरी अडचण आहे? कोणाशी बोलणे तुटले आहे? आणि उठण्यापूर्वी, उद्या त्या घरी कोण जाणार, हे ठरवावे. असे होईल, तर पुढील महोत्सवाच्या हिशेबात भिंतींबरोबर माणसेही मोजता येतील.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.