सिस्टरच्या पाठीशी कोण?

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त झालेल्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बऱ्याचजणी सकाळची ड्यूटी संपवून थेट इथे आल्या आहेत आणि काहीजणींना आज नाइटला परत वॉर्डात उभं राहायचं आहे. तेव्हा गौरवाची वाक्यं बाजूला ठेवून मी सरळ मुद्द्यावर येते.

मी स्वतः परिचारिका नाही. समाजकार्याचं शिक्षण घेऊन स्त्रियांच्या गटात काम करणारी कार्यकर्ती आहे. कोरोनाच्या काळात आमच्या गटाकडे मदतीसाठी येणारे फोन मी घेत असे. घरातल्या मारहाणीचे फोन येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण त्यांच्या जोडीने परिचारिकांचेही फोन यायला लागले. घरमालक खोली सोड म्हणतोय. मास्क मागितला तर मेमो मिळतो. लागण झाली तर तेवढ्या दिवसांचा पगार कापला. या फोनांमधून जे कळलं, त्याच्या आधारे मी बोलणार आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला त्या वर्षी २०० वर्षं झाली. त्याच वर्षी २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. त्यानंतर दोनच आठवड्यांनी मुंबईतल्या एका मोठ्या खासगी रुग्णालयात पंचवीसहून अधिक परिचारिकांना लागण झाल्याचं उघड झालं. त्यातल्या बहुतेकजणी केरळहून पोटासाठी आलेल्या. मे महिन्यात कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांमधल्या दीडशेहून अधिक मणिपुरी परिचारिका नोकरी सोडून गावी निघून गेल्या. चेहऱ्यावरून होणारी हेटाळणी, अपुरी साधनं, पगाराची अनिश्चिती अशी कारणं त्यांनी सांगितली. थाळ्या वाजवणाऱ्या समाजानेच त्यांना राहू दिलं नाही.

असं का होतं? मला वाटतं, याचं मूळ 'सेवा' या शब्दात आहे. घरात आई, सून, बहीण आजाऱ्याचं करते त्याला आपण सेवा म्हणतो आणि ती फुकट असते. तीच बाई शिकून, परीक्षा देऊन, नोंदणी करून रुग्णालयात उभी राहिली की तिला 'सिस्टर' म्हणतात. बहिणीने पगाराचा, सुट्टीचा, धोक्याचा हिशोब मागायचा नसतो! १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांची आठवण आपण अभिमानाने काढतो. पण सावित्रीबाईंनी तो धोका स्वतःहून पत्करला होता. कुठलाही मालक तो नोकरीची अट म्हणून आपल्यावर लादू शकत नाही.

आता कायद्याकडे वळू. साथरोगांचा आपला कायदाही १८९७ चाच, त्याच प्लेगच्या वेळचा. २२ एप्रिल २०२० ला त्यात अध्यादेशाने दुरुस्ती झाली आणि सप्टेंबरमध्ये संसदेने ती मंजूर केली. साथीच्या काळात आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला केल्यास तीन महिने ते पाच वर्षं कैद, गंभीर दुखापत केल्यास सहा महिने ते सात वर्षं. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. राहण्याच्या किंवा कामाच्या जागी दिलेला, कामात अडथळा आणणारा त्रासही हिंसेच्या व्याख्येत येतो. म्हणजे साथीच्या काळात त्रास देऊन खोलीतून हुसकावणाऱ्या घरमालकाविरुद्ध याचा आधार घेता येतो. हे लक्षात ठेवा.

पण या कायद्याला नातेवाईक दिसतो, शेजारी दिसतो. मालक दिसत नाही. एकच किट दोनदा वापरायला लावणं, लागण झालेलीला विलगीकरणाची जागा न देणं, ही त्याच्या लेखी हिंसा नाही. केंद्र सरकारने ५० लाखांचा विमा काढला, त्यात कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही घेतलं, ते योग्यच झालं. पण ते पैसे बाई मेल्यावर मिळणार होते. आजारी पडून जगलेलीच्या वाट्याला त्यातून काही नव्हतं.

पगाराचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. खासगी रुग्णालयात, अगदी पन्नासहून कमी खाटांच्या ठिकाणीही, परिचारिकेला महिना २० हजारांपेक्षा कमी पगार असू नये आणि २०० हून अधिक खाटा असतील तर तो सरकारी पगाराएवढा असावा, असं समितीने सुचवलं. केरळमधल्या परिचारिका २०१७ मध्ये रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे २०१८ मध्ये तिथे किमान वेतनाची अधिसूचना निघाली. शिफारस कागदावरून खाली उतरली ती संघटनेमुळे.

आणि काही चुकलं की शिक्षा कुणाला? ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोरोनाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ रुग्ण दगावले. सुरुवातीला अटक झाली ती एका डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. गेलेल्या जिवांचा जाब विचारलाच पाहिजे. पण इमारतीतली वायरिंग आणि अग्निसुरक्षा ही वॉर्डातल्या सिस्टरच्या हातातली गोष्ट आहे का? अधिकार वर आणि जबाबदारी खाली, ही उतरंड आपल्या ओळखीची आहे.

सुरक्षिततेबद्दल बोलताना अरुणा शानबागला विसरून चालणार नाही. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम रुग्णालयाच्या तळघरात ती कपडे बदलायला गेली असताना तिथल्याच एका कर्मचाऱ्याने तिच्यावर हल्ला केला. खटल्यात लैंगिक अत्याचाराचं कलम लागलंच नाही. मुंबईतल्या परिचारिकांनी तेव्हा संप केला. पुढे महापालिकेने तिला रुग्णालयातून हलवायचा घाट घातला, तोही केईएमच्या परिचारिकांनी हाणून पाडला. १८ मे २०१५ ला ती गेली. तोवर एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी तिला सांभाळलं. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, अरुणाचं करणं थांबलं नाही. आपसातल्या आधाराचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

आणि २०२० मध्ये फोनवर मी काय ऐकत होते? किट घालायला-काढायला आडोसा नाही. सहा-सात तास किटमध्ये पाणी नाही, लघवी नाही. पाळी आली तर डायपर बांधून उभं राहायचं. अरुणानंतर इतकी वर्षं उलटली तरी कपडे बदलायच्या खोलीची मागणी करावी लागते!

लैंगिक छळाबाबतच्या २०१३ च्या कायद्यात रुग्णालय आणि नर्सिंग होमचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. कंत्राटी आणि शिकाऊ मुलींनाही तो लागू आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते.

शेवटी एका वहीबद्दल सांगते. एका छोट्या खासगी दवाखान्यातल्या पाचजणींनी साथीच्या सुरुवातीलाच एक शंभर पानी वही केली. आज कुणाची ड्यूटी, कोणता वॉर्ड, किट मिळालं की नाही, किती तास, खाली सह्या. वॉर्डातल्या मावशीने विचारलं, "तुम्ही काढलेली किटं मी उचलते, माझं नाव कुठाय?" त्यावर थोडी कुरबुर झाली. मावशीची बरोबरी आपल्याशी कशी, असंही एकजण म्हणाली. पण मावशीचं नाव वहीत आलं. पुढे आजारी पडली ती मावशीच. "ती बाहेरून रोग घेऊन आली," असं म्हणून व्यवस्थापनाने पगार अडवला. पाचहीजणी वही घेऊन केबिनमध्ये गेल्या. चौदा दिवसांचा पगार मिळाला. तोवर तिच्या घरी डबा जात होता, तोही आळीपाळीने.

आधार म्हणजे मला हेच वाटतं. डबा पोचवायचा आणि वहीही ठेवायची. नुसत्या डब्याने हक्क मिळत नाही आणि नुसत्या वहीने माणूस तगत नाही.

स्त्रियांच्या गटांनाही माझं सांगणं आहे. दवाखाना ही कामाची जागा आहे, तिथे आपलं जाणं-येणं हवं. जिल्ह्याच्या स्थानिक समितीवर कोण आहे, हे आपण शोधून ठेवावं. परिचारिका संपावर गेल्या की "रुग्णांचं काय?" असं पहिलं आपल्याच घरात विचारलं जातं. एका सिस्टरवर तीस-चाळीस रुग्ण टाकले जातात तेव्हाही हाच प्रश्न विचारायचा असतो, हे आपण घराघरात सांगू या.

आता निघण्याआधी आपापल्या वॉर्डाचं, दवाखान्याचं नाव आणि एक फोन नंबर दाराजवळच्या वहीत लिहा. आणि आपल्याकडच्या मावशीचंही नाव लिहायला विसरू नका.