क्लॅरिनेट का चिरकते?



लग्नाच्या मांडवात सुरावट रंगात आली असता क्लॅरिनेटमधून एकाएकी किंकाळी निघाली, की हशा पिकतो. या हशापायी आपल्या बँडमधील दोन होतकरू मुलांनी वाद्य खाली ठेवले. ‘हाताला गुण नाही’ असा निकाल घरच्यांनीही दिला. आम्ही ती दोन्ही वाद्ये मागवून पाहिली आणि तो निकाल आम्हांस मान्य नाही.

सुमारे १७०० साली न्यूरेंबर्ग येथील योहान क्रिस्टोफ डेनर या कारागिराने घडविलेल्या या वाद्याचा स्वभाव आपल्या सनईहून निराळा आहे. सनईत फुंकर वाढवली तर सूर सप्तकभर वर जातो. क्लॅरिनेटमध्ये तो सप्तक ओलांडून पुढच्या पंचमावर उडी घेतो. ही उडी हवी तेव्हा घेता यावी म्हणून अंगठ्यापाशी एक चावी असते. परंतु एखादे छिद्र बोटाने अर्धवट झाकले गेले, किंवा गादी झिजून हवा गळू लागली, की नको त्या क्षणी तीच चावी उघडल्यासारखे होते. मींड घेण्यासाठी बोट सरकविण्याची सनईवाल्यांची सवय येथे जपूनच वापरावी.

एका मुलाच्या वाद्याची गादीच फाटलेली होती. परीक्षा सोपी आहे. वरचा तुकडा सुटा करून त्याची सर्व छिद्रे झाकावीत, खालचे तोंड तळव्याने दाबावे आणि हवा ओढावी. ओढ टिकली तर वाद्य निर्दोष. सुटली तर गळती आहे. मग एकेका गादीखाली सिगारेटचा पातळ कागद धरून ओढून पाहावे. जेथे तो सैल सुटेल तेथे दोष. (आपल्या बिड्यांच्या मुलखात हा कागद शोधावा लागेल, हे खरे!)

दुसऱ्या मुलाची अडचण रीडची होती. ही नळगवताची पट्टी ओली असली तरच नीट कंप पावते. गोंदियाचा वैशाख आणि लग्नसराई एकाच वेळी येतात! वरात थांबली, वाद्य उन्हात राहिले, की रीडचे टोक वाळून लहरीसारखे वाकते. म्हणून थांबताच टोपण लावावे, आणि तीन-चार रीड आळीपाळीने वापरावे. टोक टवकलेले असेल तर ते रीड टाकून द्यावे. तेथे काटकसर नको. रीड माउथपीसच्या मध्यावर बसवावे, टोकाशी केसाएवढीच काळी कड दिसावी.

राहिले दाबणे. ढोलताशांवर मात करण्याच्या भरात मुले रीड चावतात, किंवा माउथपीस फार आत घेतात. खालचा ओठ दातांवर मुडपून मऊ ठेवावा, गाल फुगवू नयेत.

गादी बदलून आणली आहे, नवे रीडही आले आहेत. त्या दोन्ही मुलांच्या वडिलांनी सभा संपल्यावर आमच्याकडून वाद्ये घेऊन जावीत.