डोळे चुरचुरतात म्हणून काचबिंदूचे थेंब सोडू नका



मी डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे. डॉक्टरांकडे जाण्याआधी पेशंटला कुठले थेंब चालू आहेत, ते लिहून घ्यायचं काम माझ्याकडे असतं. मागे एकदा पासष्टीच्या एक मावशी आल्या होत्या. चार वर्षांपासून त्यांना काचबिंदू आहे. मी विचारलं, "मावशी, थेंब वेळेवर घालता ना?" त्या जरा गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "खरं सांगू का बाई, दोन महिने झाले, बंदच केलेत. घातले की नुसती आग होते. दिवसभर वाळू गेल्यासारखं खुपतं. बंद केल्यापासून बरं वाटतंय."

मावशींना बरं वाटत होतं, पण डोळ्याचा दाब मोजला तर तो १६ वरून २८ वर गेला होता.

आज मला बोलायचंय ते याच गोष्टीबद्दल. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस तो आतल्या आत खराब करतो. आधी कडेचं दिसणं जातं, त्यामुळे आपल्या लक्षातही येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं की पुन्हा दिसू लागतं, काचबिंदूत मात्र गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली नजर टिकावी म्हणून. उलट डोळे कोरडे पडले की लगेच जाणवतं. चुरचुरतं, लाल होतं, पापण्या जड होतात. म्हणजे जो आजार त्रास देतो त्याने सहसा नजर जात नाही, आणि ज्याने नजर जाते तो त्रासच देत नाही. म्हणून बायका फसतात.

काचबिंदू असलेल्यांचे डोळे इतके कोरडे का पडतात? एक कारण वयाचं. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये डोळे कोरडे पडण्याचा त्रास तसाही वाढतो. दुसरं कारण थेंबांच्या बाटलीतच असतं. उघडलेली बाटली महिनाभर वापरायची, तर त्यात जंतू वाढू नयेत म्हणून एक टिकवणारं रसायन घातलेलं असतं. बऱ्याच थेंबांत ते बेंझाल्कोनियम क्लोराईड असतं. आपल्या अश्रूंवर तेलाचा एक पातळ थर असतो, त्यामुळे अश्रू लवकर सुकत नाहीत. हे रसायन तो थर मोडतं आणि बुबुळाच्या वरच्या नाजूक पेशींनाही त्रास देतं. एका बाटलीने फारसं बिघडत नाही. पण दोन-तीन बाटल्या, रोज, वर्षानुवर्षं म्हटलं की डोळा कुरकुर करणारच. कधी कधी खुद्द औषधच काहींना सोसत नाही.

आणि हो, डोळ्यांतून सारखं पाणी येतं म्हणजे डोळे कोरडे नाहीत, असं समजू नका. कोरडेपणाने डोळा चिडला की उलट जास्त पाणी येतं.

मग करायचं काय? थेंब बंद न करता डॉक्टरांना सांगायचं. एवढं सांगायला लाजायचं कारण नाही. यावर उपाय आहेत. टिकवणारं रसायन नसलेले थेंब मिळतात. ते थोडे महाग पडतात, पण पैशाची अडचण असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. दोन औषधं एकाच बाटलीत असलेले थेंब असतात, म्हणजे डोळ्यात जाणारं रसायन कमी होतं. काही प्रकारच्या काचबिंदूत लेझर करून थेंब कमी करता येतात, काहींचे काही वर्षं बंदही राहतात. यातलं आपल्याला काय चालेल, ते डॉक्टर तपासून ठरवतील.

सोबत कृत्रिम अश्रूंचे थेंब देतात. तेही दिवसातून चार वेळांपेक्षा जास्त लागत असतील, तर रसायन नसलेलेच मागून घ्या. मात्र क्रम सांभाळा. आधी काचबिंदूचे थेंब घाला, मग दहा मिनिटं थांबा आणि त्यानंतर कृत्रिम अश्रू. लगेच घातले तर पहिलं औषध धुऊन जातं. रात्रीचं जेल सगळ्यात शेवटी.

थेंब घालताना एकच थेंब पुरतो. घातल्यावर डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं हलका दाबून धरा. औषध डोळ्यातच राहतं, घशात उतरत नाही. गालावर ओघळलेला थेंब लगेच पुसा, म्हणजे पापण्यांची कातडी चुरचुरत नाही.

घरी आणखी एक करा. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या मोकळ्या होतात. मग कडा हलक्या हाताने पुसा. डोळा दाबू नका, चोळू नका. पंख्याचा वारा सरळ तोंडावर घेऊ नका, चुलीच्या धुरापासून लांब बसा आणि मोबाईल पाहताना पापण्या मिटायला विसरू नका.

आता एक धोक्याची गोष्ट. डोळे लाल झाले म्हणून मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नका. शेजारणीला लागू पडलेली बाटलीही नको. अशा काही थेंबांत स्टिरॉईड असतं. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र दिसतो, पण स्टिरॉईडने दाब वाढू शकतो, आणि तो वाढलेला कळत नाही. गुलाबपाणी, मध, तूप यातलंही काही डोळ्यात घालू नका.

पुढच्या तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, आणि कुठला थेंब घातल्यावर जास्त झोंबतं ते सांगा. दमा असेल तर तेही आवर्जून सांगा, कारण काचबिंदूचे काही थेंब दम्याच्या पेशंटला चालत नाहीत. मात्र अचानक डोळा खूप दुखला, डोकं दुखून उलटी झाली किंवा दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

त्या मावशींचे थेंब डॉक्टरांनी बदलून दिले. आता दोन बाटल्यांऐवजी एकच आहे, रसायन नसलेली, आणि सोबत कृत्रिम अश्रू. महिन्याने आल्या तेव्हा दाब १७ होता. म्हणाल्या, "आता झोंबत नाही गं. आधीच सांगितलं असतं तर!" त्या दोन महिन्यांत नसेला काही इजा झाली का, ते पुढच्या तपासण्यांत कळेल.

तुमच्या घरात सासूबाई, आई, कुणी काचबिंदूचे थेंब घालत असेल, तर आज जेवायला बसल्यावर एवढंच विचारा, "थेंब झोंबतात का हो?" त्या हो म्हणाल्या, तर त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि तोवर थेंब चालूच ठेवा.