नव्वद दिवसांचा हिशोब



आपल्या मनीषनगरात इमारती उठतात. तिथे विटा वाहणारा मजूर वर्षात तीन ठेकेदारांकडे राबतो असे समजा: 40 दिवस, 30 दिवस आणि 25 दिवस. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याने कल्याणकारी नोंदणीसाठी अट घातली ती मागील बारा महिन्यांत 90 दिवसांच्या कामाची. एकेका ठेकेदाराची वही पाहिली तर हा गडी कुठेच बसत नाही. तिन्ही जोडल्या तर 95 दिवस भरतात!

अशा वह्या जोडण्याची रीत एडगर कॉड या गणितज्ञाने 1970 साली मांडली. तिला रिलेशनल डेटाबेस म्हणतात. पन्नाशीत मी ती पुस्तकांवरून शिकलो. कामगारांचा तक्ता एक, ठेकेदारांचा दुसरा, हजेरीचा तिसरा. नाव एकदाच लिहावयाचे. हजेरीत केवळ क्रमांक. एका नावाचे दोघे असतील, क्रमांक मात्र एकाचाच. मग एसक्यूएल भाषेत पुसावे : बारा महिन्यांत ज्यांचे 90 दिवस भरले ते कोण?

परंतु ज्या वहीत हजेरीचा रकानाच नाही, ती उत्तर कोठून देणार? म्हणून रकाने आखणे कामगाराने शिकले पाहिजे. नोंद कोणी पाहावी, कोणी बदलावी हेही ठरवावे आणि रोज एक प्रत अन्यत्र ठेवावी.

आपली काही मुलेमुली मिहानमध्ये संगणकावर काम करतात. त्यांनी रविवारचे दोन तास या वहीसाठी द्यावेत, एवढेच मागणे.